पाळकबाई कशा होतात? रेव्हरंड पॉली मरे यांची वाटचाल



आपला शनिवारचा वर्ग ज्या एपिस्कोपल चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरतो, तिथे या सत्रापासून नव्या पाळक आल्या आहेत. त्या बाई आहेत हे पाहून मधल्या गटातल्या मुलांनी दोन प्रश्न विचारले. यांना फादर म्हणायचं की आणखी काही? आणि बाई पाळक कशी होते? प्रश्न चांगले आहेत, म्हणून या वेळचा पाठ त्यांच्यावरच. नव्या पाळकबाईंची हकीगत त्यांनी स्वतः सांगावी हेच बरं. आम्ही इथे सांगणार आहोत ती त्यांच्या आधी याच वाटेने गेलेल्या रेव्हरंड पॉली मरे यांची. तुमच्यापैकी कुणाच्या खिशात त्या असतीलही! २०२४ साली निघालेल्या पंचवीस सेंटच्या नाण्यांपैकी एकावर त्यांचा चष्मा घातलेला चेहरा आहे. तो आशा या अर्थाच्या ‘होप’ या शब्दाच्या मोठ्या अक्षरांतून आपल्याकडे बघतो.

आधी शब्द पाहू. ‘एपिस्कोपोस’ म्हणजे ग्रीक भाषेत देखरेख करणारा. तोच शब्द झिजत झिजत इंग्रजीत बिशप झाला. ज्या चर्चचा कारभार बिशपांच्या देखरेखीखाली चालतो ते एपिस्कोपल चर्च. मुळात ही इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेतली शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इथल्या धर्मगुरूंना इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणं शक्य नव्हतं, म्हणून १७८९ साली त्यांनी आपली वेगळी घडी बसवली. याच घराण्यातलं एक चर्च मुंबईकरांना चांगलं ठाऊक आहे, निदान नावाने तरी. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली सुरू झालं. त्याच्या बाजूचा तटबंदीचा दरवाजा तो चर्चगेट. दरवाजा गेला, स्टेशनला नाव राहिलं. १९७० पासून ते कॅथेड्रल चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे.

पाळक हा शब्द मराठीच आहे. पाळणारा तो पाळक. मेंढपाळातही तोच ‘पाळ’ आहे. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसं पाळक म्हणतात, तर वसईकडचे कॅथलिक फादर किंवा धर्मगुरू म्हणतात. रेव्हरंड म्हणजे पूज्य, आदरणीय. रेव्हरंड टिळकांच्या नावाआधी आपण तो नेहमी वाचतो (टिळक वेगळ्या पंथाचे, पण उपाधी तीच). एपिस्कोपल चर्चमध्ये काही ठिकाणी स्त्री पाळकांना ‘मदर’ म्हणतात, पुष्कळ ठिकाणी सरळ नावानेच हाक मारतात. तेव्हा आपल्या पाळकबाईंना काय आवडतं हे त्यांनाच विचारावं. विचारायला लाजू नये.

आता गोष्ट.

पॉलीचा जन्म २० नोव्हेंबर १९१० रोजी बाल्टिमोरला झाला. वडील शिक्षक, आई नर्स. ती तीन वर्षांची असताना आई वारली. सहा भावंडांपैकी पॉलीला नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅम गावी मावशीकडे पाठवण्यात आलं. वडील आजाराने खचले, त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं आणि १९२३ साली तिथल्या एका रखवालदाराच्या मारहाणीत त्यांचा अंत झाला. मावशी शाळेत शिकवत असे. घरात आजोबा आणि आजी होते. आजोबा यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले, पुढे गुलामगिरीतून सुटलेल्यांना लिहायला-वाचायला शिकवलेले, आणि म्हातारपणी दृष्टी गेलेले. आजीचं नाव कॉर्नेलिया. तिच्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण पुढे तिचं काम आहे.

कॉर्नेलिया जन्माने गुलाम होती. तिची आई हॅरिएट ही चॅपेल हिलजवळच्या स्मिथ नावाच्या श्रीमंत गोऱ्या घराण्याची गुलाम, आणि बाप त्याच घरातला मुलगा. म्हणजे कॉर्नेलिया मालकाची नातही होती आणि मालमत्ताही. मालकाची मुलगी मिस मेरी रफिन स्मिथ ही नात्याने तिची आत्या. या आत्याबाईंनी १८५४ साली कॉर्नेलियाला गावातल्या चॅपेल ऑफ द क्रॉस या एपिस्कोपल चर्चमध्ये नेऊन तिचा बाप्तिस्मा करवला. चर्चच्या वहीत नोंद झाली ती मिस स्मिथ यांच्या मालकीच्या पाच नोकर मुलांपैकी एक म्हणून. वहीत मालकीण होती, आत्या नव्हती.

पालकहो, अशा घरात वाढलेल्या मुलीच्या मनात चर्चबद्दल काय असेल? आम्हाला वाटलं होतं, राग असेल. पण पॉली त्याच पंथात वाढली, डरॅमच्या सेंट टायटस चर्चमध्ये जात राहिली आणि शेवटपर्यंत एपिस्कोपलच राहिली. राग होता, तो तिने बाहेर न जाता आत राहून काढला.

पुढची पस्तीस वर्षं आम्ही भराभर सांगतो, नाहीतर अंकाची पानं पुरायची नाहीत. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून १९३३ साली पदवी. १९३८ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज, वर्णामुळे नकार. हेच ते चॅपेल हिलचं विद्यापीठ. पॉलीचे खापरपणजोबा डॉक्टर जेम्स स्मिथ, म्हणजे कॉर्नेलियाचे गोरे आजोबा, एकेकाळी या विद्यापीठाचे विश्वस्त होते आणि मिस मेरी रफिन स्मिथने मरताना आपली मोठी जमीन त्यालाच दिली होती. (मुलांनो, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. इंग्रजीत दर पिढीला नुसता एक ‘ग्रेट’ लावत जातात. आपल्याकडे शब्द आहेत.)

मार्च १९४० मध्ये व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग इथे बसमध्ये मागच्या मोडक्या बाकावर बसायला नकार दिल्याबद्दल पॉली आणि एक मैत्रीण यांना अटक झाली. माँटगोमरीच्या बसमध्ये रोझा पार्क्स जागेवरून उठल्या नाहीत ते १९५५ साली. हे त्याच्या पंधरा वर्षं आधीचं. पॉली त्या दिवसांत गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत होत्या. तुरुंगात अधिकाऱ्यांशी कसं बोलायचं, तक्रार सौम्य शब्दांत लेखी कशी द्यायची, हे त्यांनी त्या अभ्यासातून घेतलं. आपल्याकडचा एक शब्द इतक्या लांब, इतक्या लवकर येऊन कामाला लागला होता.

मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायद्याचं शिक्षण. वर्गात स्त्री म्हणून एकट्या, आणि १९४४ साली पहिला नंबर. काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. पॉलीबाईंनी स्त्रियांना वेगळं ठेवणाऱ्या रीतीला नाव दिलं ‘जेन क्रो’. पहिला नंबर आला की हार्वर्डला जायचं असा प्रघात होता. हार्वर्डने उत्तर दिलं की आम्ही स्त्रियांना घेत नाही. आधीच्या नकाराचं कारण रंग होतं, या वेळी लिंग.

याच काळातली एक गंमत मुलांना आवडेल. ‘वेगळं पण समान’ हा न्यायालयाचा जुना निकालच मुळातून उपटून काढावा असं पॉलीबाई वर्गात म्हणाल्या, तेव्हा सगळे हसले. त्यांनी आपले प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांच्या आत तो निकाल उलटेल. तो उलटला दहाच वर्षांत, १९५४ साली. आणि त्या खटल्याची तयारी करणाऱ्यांत हेच प्राध्यापक होते. त्यांनी पॉलीबाईंचा जुना निबंध शोधून काढला होता. त्याआधी १९५१ साली पॉलीबाईंनी राज्याराज्यांतले वर्णाविषयीचे कायदे गोळा करून सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ केला होता. आपल्या घराण्याची हकीगत सांगणारं ‘प्राउड शूज’ हे पुस्तक १९५६ सालचं. १९६५ साली येल विद्यापीठाची कायद्यातली डॉक्टरेट. १९६६ साली स्त्रियांच्या ‘नाऊ’ या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या. १९७१ साली रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या एका गाजलेल्या निवेदनावर सहलेखिका म्हणून त्यांचं नाव घातलं, कारण मूळ युक्तिवाद त्यांचा होता. एवढं सगळं झाल्यावर बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात कायमची प्राध्यापकी. माणसाने आता खुर्चीत रेलून बसावं, नाही का?

पण चर्चमध्ये एक काटा सलत होता. १९६६ सालच्या एका रविवारी उपासना चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की वेदीपाशी क्रूस धरणारे, मेणबत्त्या धरणारे, वाचन करणारे सगळे पुरुष आणि मुलगे आहेत. आयुष्यभर हेच दिसत होतं, त्या दिवशी ते सहन झालं नाही. त्या उठून बाहेर पडल्या आणि चर्चला पत्र लिहिलं. मुलगी मेणबत्ती का धरू शकत नाही? आपल्या पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये याच घराण्याच्या चर्चमध्ये आल्या, तेव्हा तिथल्या कॉलेजात त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं की नाही यावर बिशप मंडळींनी आक्षेप घेतला होता. म्हणजे प्रश्न जुनाच.

मग १९७३. आयरीन बार्लो ही त्यांची जिवलग मैत्रीण कर्करोगाने वारली. शेवटच्या घटकेला पाळक पोचू शकले नाहीत. मरेबाईंनीच उशाशी बसून प्रार्थना म्हटल्या आणि मागाहून स्मरणाची उपासनाही त्यांनीच आखली. आपण जे केलं ते पाळकाचंच काम होतं, हे त्यांना त्यातून उमगलं.

चर्चच्या भाषेत याला ‘कॉल’ म्हणतात. मराठी ख्रिस्ती शब्द आहे पाचारण, म्हणजे बोलावणं, हाक. ही हाक आली असं स्वतः म्हणून भागत नाही. आमच्या धंद्यात ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यानेच तो तपासला तर तपासलाच नाही असं धरतात, तशी इथेही दुसऱ्यांनी तपासायची रीत आहे. आजची पद्धत साधारण अशी. आपल्या चर्चच्या पाळकांशी बोलायचं, मग चर्चमधल्या काही माणसांची समिती कित्येक महिने प्रश्न विचारते. चर्चचं निवडून आलेलं कार्यकारी मंडळ लेखी पाठिंबा देतं. मग बिशप आणि त्यांची समिती. डॉक्टरी तपासणी, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, पूर्वायुष्याची चौकशी. त्यानंतर पदवीच्या वरचा बहुधा तीन वर्षांचा अभ्यासक्रम: बायबल, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, उपदेश कसा करायचा, आजाऱ्यापाशी कसं बसायचं. मग परीक्षा. मग निदान सहा महिने ‘डीकन’, म्हणजे सेवक. आणि शेवटी बिशप डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात. वाटेत कुठल्याही टप्प्यावर नकार येऊ शकतो.

दीक्षा मिळाली म्हणजे चर्च मिळालं असंही नाही. कॅथलिक पद्धतीत बिशप पाळकाची नेमणूक करतात. एपिस्कोपल चर्चमध्ये बहुधा गावची मंडळी बिशपांच्या संमतीने आपला पाळक निवडतात. मंडळी आपली माहिती लिहितात, उमेदवार आपली लिहितो, मग भेटीगाठी. आम्हाला वाचताना कांदेपोह्यांचीच आठवण झाली.

मरेबाईंनी बासष्टाव्या वर्षी कायमची प्राध्यापकी सोडली आणि न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीत नाव घातलं. (या सेमिनरीची जमीन क्लेमंट क्लार्क मूर यांनी दिली. नाताळच्या आदल्या रात्रीची, सांताक्लॉजच्या स्वारीची कविता तुम्ही शाळेत म्हणता ना, ती ज्यांच्या नावावर आहे तेच हे.) आता खरी गोष्ट ऐका. त्या वेळी एपिस्कोपल चर्चमध्ये स्त्री पाळक होऊच शकत नव्हती. दर तीन वर्षांनी चर्चची सर्वसाधारण परिषद भरते, आणि नियम बदलायचे ते तिथे. १९७० साली परिषदेने स्त्रियांना डीकन होण्याची मुभा दिली, पाळकपद नाकारलं. १९७३ च्या शरद ऋतूत लुइव्हिल इथल्या परिषदेने ते पुन्हा नाकारलं. मरेबाईंचं पहिलं सत्र तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं.

आमच्यासारख्या संगणकवाल्यांना काय हवं आहे हे लेखी मिळाल्याशिवाय एक ओळ लिहवत नाही. इथे तर ज्या पदासाठी शिकायचं ते पदच आपल्यासाठी अस्तित्वात नाही, आणि पुढच्या मतदानाला तीन वर्षं. बासष्टाव्या वर्षी आपल्याकडे लोक पेन्शनचे हिशेब करतात. मरेबाई आपल्याहून कितीतरी लहान विद्यार्थ्यांबरोबर परीक्षा देत होत्या. त्यांना खात्री होती का? आम्हाला तसं वाटत नाही. पैज जिंकलेल्या बाई होत्या हे खरं, पण ही पैज दहा डॉलरची नव्हती.

२९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फियात काही निवृत्त बिशपांनी परवानगीची वाट न पाहता अकरा स्त्रियांना दीक्षा दिली. चर्चमध्ये एकच गदारोळ उडाला. दीक्षा वैध की अवैध यावर दोन वर्षं वाद चालला. सप्टेंबर १९७६ मध्ये मिनिआपोलिसच्या परिषदेने अखेर नियम बदलला आणि तो १ जानेवारी १९७७ पासून लागू झाला. मरेबाई त्याच वर्षी अभ्यासक्रम पुरा करून डीकन झाल्या होत्या. परवानगी आली तेव्हा त्या तयार होत्या.

८ जानेवारी १९७७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये बिशप विल्यम क्रायटन यांनी त्यांना दीक्षा दिली. वय सहासष्ट. एपिस्कोपल चर्चमध्ये पाळक झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. बिशपांनी हात ठेवला त्याच क्षणी बाहेर ढगांतून ऊन आलं आणि रंगीत काचांतून आत उतरलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, त्यांनी पाळक म्हणून पहिलं प्रभुभोजन दिलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एपिस्कोपल चर्चमध्ये एखाद्या स्त्रीने ते देण्याची ती पहिलीच वेळ. ठिकाण होतं चॅपेल हिलचं चॅपेल ऑफ द क्रॉस. तिथे वाचनासाठी जे व्यासपीठ आहे ते मिस मेरी रफिन स्मिथच्या स्मरणार्थ दिलेलं. त्यावर मरेबाईंनी आपल्याबरोबर आणलेलं बायबल ठेवलं आणि त्यातून वाचलं. ते कॉर्नेलिया आजीचं होतं.

पुढे वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर इथे त्यांनी लहान चर्चमधून काम केलं. मोठ्या मानाची जागा त्यांना मिळाली नाही. वय झालं होतं, आणि स्त्री पाळकाला बोलावणाऱ्या मंडळी तेव्हा थोड्याच होत्या. घरी पडून असलेल्यांना आणि इस्पितळातल्या आजाऱ्यांना त्या भेटायला जात. १ जुलै १९८५ रोजी पिट्सबर्गला त्यांचं निधन झालं. २०१२ साली चर्चने आपल्या पवित्र स्त्रीपुरुषांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. १ जुलै हा त्यांच्या स्मरणाचा दिवस. येल विद्यापीठात २०१७ पासून त्यांच्या नावाचं एक निवासी कॉलेज आहे, आणि डरॅममधलं आजोबांनी बांधलेलं घर राष्ट्रीय स्मारक झालं आहे.

घरचा अभ्यास: पाळक, दीक्षा, पाचारण, उपासना, विश्वस्त हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा. मोठ्या गटाने ‘पाळणे’ या क्रियापदाचे निरनिराळे अर्थ शोधावेत: शब्द पाळणे, कुत्रा पाळणे, उपास पाळणे. आणि सगळ्यांनी या आठवड्यात आईला, बाबांना किंवा फोनवर आजीला विचारून आपल्या पणजीचं नाव, तिचं माहेरचं गाव आणि तिला लिहिता-वाचता येत होतं का, एवढं वहीत लिहून आणावं. ते नाणं कुणाला सापडलं तर तेही आणा.